कर्लीच्या काठावरची साधनं: प्रकल्प नोंदी

प्रकल्प असा: सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीत खारं पाणी जिथवर चढतं, त्या पट्ट्यात पोरं ज्या साधनांनी मासे धरायला शिकत आली ती घरी बनवायची. चिव्याची (बारीक बांबूची) काठी, बांबूची खोयन म्हणजे पाण्यात लावायचा सापळा, आणि पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. मग एका रविवारी तिन्ही एकाच काठावर वापरून बघायची. मापं, वेळा, काय बिनसतं आणि का, ते इथे टिपायचं.

22 जून 2025

यंदा मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडपर्यंत पोचला. मृग लागण्याआधीच व्हाळ (ओढे) भरून वाहिले आणि चढण होऊन गेली. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन नदीतून व्हाळात, व्हाळातून शेतात शिरतो. पाणी गढूळ, खोली घोटाभर, मासा दमलेला. म्हणून तो लहान पोरालाही सापडतो आणि बहुतेकांच्या आठवणी याच दिवसांतल्या असतात.

जुन्या रीती अशा. बांधाच्या मोरीला गोणपाट लावायचं आणि दुसऱ्याने वरून पाय आपटत यायचं. किंवा दोघांनी पंचा धरायचा. यात खुबी कापडाची आहे. घट्ट विणीच्या टॉवेलातून पाणी पार होत नाही, ते पुढे ढकललं जातं आणि त्या लाटेसरशी मासा वळतो. विरळ विणीचा जुना पंचा हवा. वरची कड हातात, खालची कड पायाच्या अंगठ्यांखाली दाबलेली आणि मध्ये पोट सुटलेलं. ताणून धरला तर मासा कापडावरून घसरून निघून जातो. उन्हाळ्यात हेच पोरगं कोंडीतलं पाणी डब्याने उपसून तळातल्या शिंगट्या आणि मरळ चाचपतं. मरळ दगडाखाली हाताने धरताना आधी डोकं कुठे आहे ते ओळखावं लागतं. शेपटीकडून धरली तर हातात नुसता चिकटा राहतो.

ठरलं ते असं की चढणीत खोयन लावायची नाही. त्या आठ-दहा दिवसांत व्हाळाच्या तोंडाला सापळा लावणं म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणंच उचलणं. मासेमारीचा दिवस नोव्हेंबरअखेरीस धरला आहे. तोवर नदीचा लोंढा ओसरतो, पावसाने तोंडापर्यंत रेटलेलं खारं पाणी पुन्हा वर सरकतं, पाणी निवळतं आणि खाडीचा मासा आत येतो.

13 जुलै 2025

पागाचा हिशेब. बाजारात तयार पाग मिळतो, पण बहुतेकांचा आस फार बारीक. त्यात बोटाएवढी पिलंही अडकतात. इथे आस 30 मिमी ठेवला, म्हणजे डोळा पूर्ण ताणल्यावर गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंतचं अंतर. त्यासाठी फट्टी, म्हणजे डोळ्याचं माप राखणारी पट्टी, 14 मिमी रुंद आणि 1 मिमी जाड. दोरा तिच्याभोवती एक वेढा घेतो तोच डोळा. फट्टी माणगा बांबूच्या सालीकडच्या भागाची तासली. आतला भाग मऊ असतो, दोऱ्याने कापला जातो आणि डोळे हळूहळू लहान पडत जातात.

विणकाम शेंडीपासून, म्हणजे पागाच्या वरच्या टोकापासून, खाली. शेंडीला 70 डोळे, दर चौथ्या ओळीला 20 डोळ्यांची वाढ, एकूण 160 ओळी. एक ओळ म्हणजे अर्धा डोळा, 15 मिमी. ताणून लांबी 2.4 मीटर. चाळीस वेळा वीस म्हणजे 800 वाढले, घोळावर, म्हणजे खालच्या कडेवर, 870 डोळे झाले. पाण्यावर उघडलेल्या पागात डोळा अर्धाच रुंद राहावा, असं धरलं. म्हणजे प्रत्येकी 15 मिमी आणि घेर 13 मीटरच्या थोडा वर. डोळे आडवे उघडले की लांबी थोडी आखडते, त्यामुळे पसरलेल्या पागाची त्रिज्या 2.4 न राहता 2.1 मीटरच्या आसपास येते. वाढ यापेक्षा कमी दिली तर घेर उघडत नाही आणि पाग पाण्यात मोळीसारखा पडतो. जास्त दिली तर घोळाशी जाळ्याच्या झालरी पडतात, त्या एकमेकींत गुंततात.

गाठी मोजल्या तर 75 हजारांच्या वर. मिनिटाला वीस गाठी पडल्या तर निव्वळ हाताचे साठ-पासष्ट तास. पावसाळा त्यासाठीच असतो.

दोरा पिळाच्या नायलॉनचा घेतला. एकतारी तंगूस पाण्यात दिसत नाही हे खरं, पण हाताने मारलेली साधी गाठ त्यात सरकते. प्रत्येक गाठीला दुहेरी वेढा घ्यावा लागतो.

10 ऑगस्ट 2025

पाग निम्म्याच्या पुढे. वाढ कुठे द्यायची याला शिस्त लागते. शेंडीपासून घोळापर्यंत वाढीच्या वीस सरळ रांगा उतरल्या पाहिजेत. म्हणून पहिल्या वाढीच्या वीस जागांवर लाल दोऱ्याची गाठ मारली आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच रेषेत. रेष सुटली की जाळं एका बाजूला फुगतं, दुसऱ्या बाजूला ताणतं आणि फेकताना दर वेळी त्याच बाजूला दुमडतं. मग लोक हाताला दोष देतात.

गाठ ओढताना दोरा फट्टीच्या वरच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरायचा आणि मगच वेढा आवळायचा. अंगठा ढिला राहिला तर गाठ खालच्या डोळ्यात न बसता त्याच्या एका पायावर बसते. ती दिसते गाठीसारखीच. ओढून बघितली की सरकते. प्रत्येक ओळ संपली की विणलेला भाग खुंटीला अडकवून सगळा भार देऊन एकदा ताणायचा. सरकणारी गाठ तेव्हाच कळते आणि तेव्हाच उसवता येते. दहा ओळी खाली गेल्यावर ती सापडली तर डोळा कापून नव्याने सांधावा लागतो.

5 ऑक्टोबर 2025

विणकाम संपलं. जाळं ताणून बांधलं आणि वरून उकळतं पाणी ओतलं. नायलॉन तापून निवला की गाठी जागच्या जागी बसतात.

मग घोळ. 3 मिमीची दोरी, 13 मीटर, तिच्यात शिशाचे मणी ओवलेले. मणी 25 ग्रॅमचे, दर 10 सेंटिमीटरला एक, म्हणजे 130 मणी आणि सव्वातीन किलो शिसं. सरकू नयेत म्हणून प्रत्येक मण्याच्या दोन्ही अंगांना दोऱ्याचा वेढा. वजन वाचवायचा मोह होतो, पण हलका पाग तळाला बसेपर्यंत बोय खालून निसटलेली असते.

खिसे ही या पागाची जान. घोळाची कड आतल्या बाजूला वळवून दर 30 सेंटिमीटरला साधारण 18 सेंटिमीटर वर आखूड दोऱ्याने बांधली. असे त्रेचाळीस खिसे. पाग वर ओढताना शिशाची कड तळाला घासत एकत्र येते, मासा कडेशी उतरतो आणि वळवलेल्या खिशात शिरतो. बांधायची दोरी फार आखूड ठेवली तर खिसा उथळ होतो, मासा उसळून बाहेर पडतो. लांब ठेवली तर खिसा लोंबतो, चिखल आणि शिंपले भरून आणतो.

सुताचे पाग होते तेव्हा ऐनाची साल उकळून त्या काढ्यात जाळं भिजवत, म्हणजे ते कुजत नसे. कांदळाची सालही वापरत. आता कांदळवनाला हात लावणं कायद्याने बंद आहे आणि नायलॉनला त्याची गरजही नाही. रंगासाठी म्हणून ऐनाच्या सालीचा तुकडा उकळून बघितला. नायलॉनवर तो टिकत नाही, दोन धुण्यांत जातो.

शेंडीला 5 मीटरचा दोर आणि त्याच्या टोकाला मनगटात अडकवायचा फास. फास सरकता नको. मोठ्या खडपात पाग अडकला आणि पाण्याला ओढ असली तर सरकता फास मनगटात रुततो.

9 नोव्हेंबर 2025

माणगा तोडला. तीन वर्षांची काठी, कार्तिक वद्यात. शुक्ल पक्षात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो असं जुनी माणसं सांगतात. पक्षाचं काय असेल ते असो, पावसाळा सरल्यावर बांबूतला गर कमी होतो आणि भुंगा त्या गरासाठीच येतो. कोवळी काठी ओळखायला सोपी. तिच्या पेरांवर पांढरी भुकटी असते आणि कोयतीचा मार बसल्यावर आवाज बद येतो.

ओली असतानाच चिरली. 6 मिमी रुंदीच्या पट्ट्या, सालीकडची बाजू राखून. पट्ट्यांची मोळी बांधून व्हाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली ठेवली. बांधणीसाठी केवणीच्या झुडपाची साल सोलून वाख काढला आणि तोही भिजत घातला. नायलॉनच्या दोरीने बांधलेली खोयन दिसायला पक्की, पण बांबू सुकून आखडला की दोरी ढिली पडते. वाख बांबूबरोबरच भिजतो आणि सुकतो.

16 नोव्हेंबर 2025

कापणी झालेल्या मळ्यात पाग फेकण्याचा सराव. आधी भाताचे खुंट वेचून काढले, नाहीतर पहिल्या फेकीलाच डोळे फाटतात.

पद्धत: फास डाव्या मनगटात. दोराची वेटोळी डाव्या हातात, त्यावर शेंडीपासून साधारण दीड हात जाळं. उरलेल्याचा एक तृतीयांश भाग डाव्या कोपरावर टाकायचा आणि बाकीचा उजव्या हातात. घोळाची दोरी दातांत धरायची रीत आहे. धरायचीच तर दोरीचा मण्यांमधला भाग धरावा. शिसं तोंडात जाता कामा नये, आणि पाग हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. मग अंग उजवीकडे वळवून कमरेतून सोडायचं. हाताने फेकला तर पाग पुढे जातो पण उघडत नाही. कंबर फिरली तर गोल पडतो. दात उशिरा सुटले की वर्तुळाला खाच पडते, आणि दातही हलतो.

अर्धचंद्र पडत असेल तर कोपरावरचा भाग जास्त झालाय. लांबट पडत असेल तर उजव्या हातात कमी आलंय. सगळं एका गोळ्यात पडत असेल तर शिसं एकमेकांत अडकलंय. दर फेकीनंतर शेंडी धरून पाग उभा झटकायचा आणि घोळ मोकळा लोंबतो का ते बघूनच पुन्हा भरायचा. घाई करणाऱ्याचा पाग इथेच बिघडतो.

23 नोव्हेंबर 2025

खोयन पुरी झाली. लांबी 75 सेंटिमीटर, तोंडाचा व्यास 35, शेपटीचा 15. तोंडाशी 60 पट्ट्या, दोन पट्ट्यांत 12 मिमीची फट. त्या सगळ्या शेपटीपर्यंत नेल्या तर तिथे जवळजवळ चिकटतात आणि पिलांना निसटायला जागा उरत नाही. म्हणून दर दुसरी पट्टी मध्यावर संपवली, शेपटीला तीसच गेल्या. फट तिथेही सेंटिमीटरच्या आसपास राहिली. आडवे कडे पाच, चिव्याचे.

वेळ गेला तो घशावर. घसा म्हणजे तोंडातून आत जाणारं पट्ट्यांचं दुसरं नरसाळं, 25 सेंटिमीटर लांब. त्याच्या पट्ट्या पातळ तासलेल्या, टोकं अणकुचीदार आणि आत वळलेली. टोकांशी भोक तीन बोटांचं. मासा रेटून आत जातो तेव्हा पट्ट्या फाकतात आणि त्याच्यामागे मिटतात. परत फिरला तर टोकं समोर येतात. पट्ट्या जाड राहिल्या तर फाकत नाहीत, मासा तोंड लावून मागे फिरतो. फार पातळ झाल्या तर पाण्याच्या ओढीने एका बाजूला कलतात आणि वाट उघडी पडते. हाताची मूठ घालून बघायची. जाताना अडथळा जाणवू नये आणि काढताना मनगटाला टोकं लागावीत. तसं झालं की घसा जमला. शेपटीला नारळाच्या काथ्याचा बुच, मासे तिथून काढायचे.

26 नोव्हेंबर 2025

काठ्या. चिवा 3 मीटर, धुरावर शेकून सरळ केलेला. दोन प्रकारची मांडणी केली. काळुंदरासाठी 0.25 मिमी तंगूस, 10 नंबरची गरी, मोराच्या पिसाच्या दांड्याचा तरंग आणि त्याखाली वाटाण्याच्या निम्म्या आकाराचं शिसं. शेंगटीसाठी 0.40 मिमी तंगूस, 4 नंबरची गरी, तरंग नाही, तळाला बसणारं 20 ग्रॅम शिसं.

तंगूस येण्याआधी पोरं टाचणी वाकवून गरी करत. तिला काटा नसतो, त्यामुळे दोर क्षणभर ढिला पडला की मासा सुटतो. पण मासा न दुखावता सोडायचा असेल तर बिनकाट्याची गरीच बरी, म्हणून 10 नंबरच्या गऱ्यांचे काटे पकडीने दाबून टाकले. तरंगाला पांगाऱ्याचं लाकूडही चालतं, फक्त ते पाणी पितं. मेणात बुडवून घ्यावं लागतं.

28 नोव्हेंबर 2025

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. भरतीचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी सुकती (पूर्ण ओहोटी), संध्याकाळी पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब नदीच्या तोंडाचा. आत यावं तसं पाणी उशिरा फिरतं, म्हणून काठावर सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवून बघितलं. इथे पाणी थांबलं ते पावणेसातला. पाऊण तासाचा फरक.

रविवारी दशमी. हिशेबाने साडेसात, इथे सव्वाआठ. सकाळी भरतीचा शेवट काठीला, मधली ओहोटी खोयनीला, दुपारची सुकती पागाला. तिन्हींसाठी सोयीचा एकच दिवस शोधायचा तर थोडं-थोडं सगळ्यांचंच नुकसान होतं. काठीला भांगाचं (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचं) संथ पाणी हवं, खोयनीला उधाणाची ओढ हवी. दशमीचं पाणी दोन्हींच्या मधलं. पूर्णिमेच्या उधाणात खोयनीत जास्त येतं हे नक्की, पण तेव्हा काठीचा तरंग जागेवर ठरत नाही. आणि रविवार सोडून चालणार नव्हतं: दुसऱ्या दिवशी सोमवार, वर मोक्षदा एकादशी. आणलेला मासा त्याच रात्री संपायला हवा.

30 नोव्हेंबर 2025

सकाळी 6.20. काठ्या खारबंधाच्या जांभ्या दगडांपाशी. काळुंदर भरतीच्या पाण्याबरोबर या दगडांवर येतं, शेवाळ खरवडून खातं. भर टाकायला शिजलेला भात आणि खोबऱ्याची पेंड कालवून लिंबाएवढे गोळे, दर दहा मिनिटांनी एक, काठीच्या टोकाखाली. जास्त टाकलं तर मासा तेच खाऊन जातो. आमिषाला कणीक, त्यात कापसाचे तंतू मळलेले. नुसती कणीक पाण्यात विरघळते आणि रिकामी गरी बुडवून बसायची वेळ येते. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी, कारण काळुंदराचं तोंड अगदी लहान.

पाणी हातभर खोल, तरंग अर्ध्या मीटरवर. काळुंदर तरंग खाली ओढत नाही. आधी पिसाचं टोक नुसतं थरथरतं, पाण्यावर बारीक वलयं उठतात. मग काही नाही. मग तरंग उभ्याचा हळूच आडवा होतो, कारण माशाने गोळी तोंडात घेऊन वर उचललेली असते आणि शिशाचा भार निघून गेलेला असतो. झटका द्यायचा तो याच वेळी, मनगटाने, वीतभर. थरथरीला झटका दिला तर गोळी निघते. तरंग बुडायची वाट बघितली तर गोळी खाऊन मासा गेलेला असतो. उन्हं वर आल्यावर काठावर उभं राहिलेल्याची सावली दगडांवर पडते, तेवढ्यानेही खाणं थांबतं. बसून गरवावं.

पावणेआठनंतर पाणी मंदावलं आणि काळुंदर सुटलं. तरंग सारखा नाचत होता तो बारीक चिंगळांमुळे. तेव्हा तळाच्या काठ्यांना गांडूळ लावलं आणि शेंगट्या आल्या. शेंगटीला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांमागे. ते ताठ उभे राहिले की अडकून बसतात, करवती असतात आणि विषारीही. पाठीवरचा काटा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, तळवा पोटाखाली, अंगठा एका कल्ल्यामागे. तंगुसाला लोंबती शेंगटी हाताकडे झुलू द्यायची नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. काटा मोडून आत राहिला किंवा सूज चढत गेली तर दवाखाना. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी होतंच.

8.30. पाणी फिरलं. दीड मीटर रुंद व्हाळाच्या तोंडाशी खोयन लावली. तोंड आतल्या बाजूला, म्हणजे भरतीबरोबर व्हाळात शिरलेला मासा परतताना सापडेल. चढणीत हेच उलटं असतं, तोंड खालच्या अंगाला. खोयनीच्या दोन्ही बाजूंना विणलेली झावळं तिरकी रोवून वाट निमुळती केली. एका काठाशी वीतभर फट मुद्दाम सोडली. खोयनीच्या बुडाखाली चिखलाचे गोळे दाबले, वर दोन चपटे दगड, आणि वरच्या अंगाच्या खुंट्याला दोर.

पहिल्या तासात पानं आणि कुजकी झावळं तोंडाशी साठली. पाणी तुंबून बाजूच्या झावळांवरून वाहायला लागलं, आणि पाणी जिथून जातं तिथून मासा जातो. दर अर्ध्या तासाने तोंड साफ करावं लागतं. दुसरं बिनसतं ते बुडाशी. ओढीने चिखल खणला जातो आणि मूठभर भोक पडलं की खोयन नावाला उरते. पायाने चाचपलं की थंड धार लागते, तिथे पुन्हा चिखल. कुर्ली आत शिरली तर ती आधी काढावी. ती आतला मासा खाते आणि वाखही कुरतडते. रात्रभर खोयन ठेवायची तर पाणमांजराचा विचार करावा, त्याला अख्खी खोयन फोडायला वेळ लागत नाही.

साडेबाराला उचलली. सुंगटं, दोन वामी, बोटभर खरबी आणि काळुंदराची पिलं. पिलं फटींतून निसटायला हवी होती, निसटली नाहीत. काळुंदर अंगाने उंच असतं, 12 मिमीची फट त्याला पुरत नाही. पिलं सोडली. पुढच्या खोयनीला फट 16 मिमी ठेवावी लागेल. सुंगटं थोडी कमी मिळतील, मिळू देत.

1.15. पाग. सुकतीचं पाणी कमरेएवढं, तळ वाळू-चिखलाचा. पागाच्या त्रिज्येहून खोल पाण्यात फेकण्यात अर्थ नसतो. बुडता बुडता घेर मिटतो आणि तळाला पोचेपर्यंत खाली मासाच नसतो. पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, तळ घासत सरकवायचे. पाकट वाळूत दबून असते, पाऊल वर पडलं की शेपटीचा काटा मारते. घासत आलेल्या पायाला ती वाट देते. पायांत जुने बूट हवेतच, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात.

पागाला जागा निवडणं हेच अर्धं काम.

“आबानू, हंय टाकू?”

“थंय खाली कालवां आसत. पाग फाटतलो. त्या वळणार जा, वाळवेर.”

वरून पाणी दोन्हीकडे सारखंच दिसत होतं. फरक एवढाच की कालवांवरून जाणाऱ्या पाण्यावर बारीक घड्या पडतात आणि वाळूवरचं पाणी सपाट असतं. वळणावर बोयांचा थवा होता. पाण्यावर पावसाचा थेंब पडल्यासारखे ठिपके उठत आणि सगळे एका दिशेने सरकत. ठिपक्यांवर पाग टाकायचा नाही, त्यांच्या तोंडापुढे हातभर. सावली पडताच बोय पुढे उसळते, मागे नाही.

पडल्यावर दोर ढिला ठेवायचा. शिसं तळाला लागलं की दोराला येणारा ताण थांबतो. मग सावकाश, लहान-लहान हिसके देत ओढायचं, म्हणजे कड तळ न सोडता एकत्र येते. घाईने उभा उचलला तर शिशाची कड वर येते आणि खिसे भरण्याआधीच बोय खालून जाते. पाग हलका लागला तरी घाई करू नये, बोय शेवटच्या क्षणापर्यंत आत फिरत असते आणि कड मिटली की मग खिशांत धडपडायला लागते.

शेंगटी पागात आली की काम वाढतं. तिन्ही काटे तीन डोळ्यांत अडकतात. ओढलं तर डोळे फाटतात. ओल्या फडक्याने धरून पकडीने काट्याची टोकं मोडली की जाळं आपोआप सुटतं.

अडीचला पाणी थांबलं, पाग गुंडाळला. बोया, दोन तांबोशी, मूठभर मुडदुशा, सुंगटं. विताहून लहान तांबोशी परत सोडली, ती खाडीत वाढून मोठी होते आणि मग बाहेर समुद्रात जाते. मासे माडाच्या हिरात कल्ल्यांतून ओवले. पिशवीत कोंबले की उन्हात तासाभरात मऊ पडतात.

शेंगट्यांना राख चोळून चिकटा काढला, राखेशिवाय तो सुटत नाही. काळुंदराचे खवले चिवट, शेपटीकडून डोक्याकडे खरवडायचे. शेंगटीला तिरफळ आणि सोलं, काळुंदर तव्यावर. मुडदुशीला काही करावं लागत नाही.

6 डिसेंबर 2025

दुरुस्ती. पाग गोड्या पाण्यात भिजवून शेंडीला टांगून सावलीत वाळवला. उन्हात नायलॉन ठिसूळ होतो, आणि खारं पाणी दोऱ्यात सुकलं तर मिठाचे कण गाठी कुरतडतात. घोळाजवळचे फाटलेले डोळे आधी कडेने साफ कापले. भोक जसंच्या तसं सांधायला गेलं तर डोळे लहान-मोठे होतात. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर एकेक तीन पायांची गाठ राखायची, बाकी सगळ्या गाठी दोन पायांवर आणायच्या, आणि एका कोपऱ्यापासून फट्टीवर मोजून ओळ चालू करायची. शेवटची गाठ समोरच्या तीन पायांच्या गाठीत मिळते.

पाग खुंटीला टांगून ठेवला, जमिनीपासून वर. ओला-खारा वास आला की उंदीर येतात, आणि उंदराने केलेलं भोक नेमकं घडीवर असतं. उघडलं की एकासारखी सहा.

खोयन चुलीवरच्या माळ्यात, धुरात. घशाची तीन टोकं कुर्लीने मोडली आहेत. त्यासाठी माणग्याच्या उरलेल्या पट्ट्या पुन्हा भिजत घातल्या. नव्या घशाबरोबरच फटी 16 मिमी करायच्या, म्हणजे तोंडाशी 60 ऐवजी 50 पट्ट्या.